हापूसच्या ऑनलाइन विक्रीसाठी व्हिडिओ: शूट करून घ्यावा की स्टॉक फुटेजवर भागवावं?

कलमबाग_रत्नागिरी

नमस्कार मंडळी, थोडा सल्ला हवाय. रत्नागिरीजवळ आमची वडिलोपार्जित हापूसची बाग आहे. आत्तापर्यंत सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा, गेल्या सीझनला भावाने आणि मी पुण्या-मुंबईत घरपोच पेट्या द्यायला सुरुवात केली आणि ओळखीपाळखीवर, व्हॉट्सॲपवर बऱ्यापैकी गेल्या. यंदा छोटी वेबसाइट केलीय आणि इन्स्टा-फेसबुकवर पैसे घालून जाहिरात करायची आहे, त्यासाठी व्हिडिओ लागणार.

दोन कोटेशन आलीत. एक मुंबईच्या प्रॉडक्शनवाल्यांचं, दोन दिवस शूट, चार जणांची टीम, ड्रोन, एडिटिंग, सगळं मिळून दीड लाख आणि वर १८ टक्के जीएसटी, येणं-जाणं-राहणं वेगळं. दुसरं एका फ्रीलान्सरचं, तो म्हणतो शूट कशाला, स्टॉक क्लिप घेऊ, आवाज टाकू, तुमचा लोगो टाकू, पंधरा हजारात चार दिवसांत देतो. त्याने सॅम्पल पाठवलं, दिसायला एकदम झकास आहे, स्लो मोशनमध्ये आंबा कापतायत, रस गळतोय, वरून बागेचा शॉट. पण मला ते बघून कसंतरीच झालं, तो आंबा आमचा वाटतच नाही. भाऊ म्हणतो गिऱ्हाईक कुठे एवढं बघतं, पेटी वेळेत पोचली आणि फळ चांगलं निघालं की झालं. मार्च अर्धा संपला, पहिली तोड तोंडावर आहे, त्यामुळे लवकर ठरवायचंय. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी मनापासून सांगा.

कटिंग_टेबल_पुणे

मी जाहिरातींचं शूट आणि एडिटिंग दोन्ही करतो, स्टॉक पण रोज वापरतो, त्यामुळे स्टॉक वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. पण तुमच्या बाबतीत प्रश्न सोपा आहे असं मला वाटतं. ज्या वस्तूचे तुम्ही पैसे घेणार आहात ती वस्तू व्हिडिओत तुमचीच पाहिजे. बाकीचं, म्हणजे पुण्याचा ट्रॅफिक, समुद्रावरची संध्याकाळ, कुरिअरची गाडी, नकाशावर सरकणारी रेघ, हे खुशाल स्टॉकमधून घ्या.

स्टॉक साइट चालतात कशा ते आधी समजून घ्या. शटरस्टॉक, ॲडोबी स्टॉक, आयस्टॉक यांच्यावर एकच क्लिप हजार जणांना विकली जाते, रॉयल्टी फ्री म्हणजे तुम्ही ती तुमच्या कामात वापरू शकता एवढंच, ती फक्त तुमची होत नाही. पेक्सेल्स आणि पिक्साबे तर फुकट आहेत, म्हणजे तिथली चांगली क्लिप सगळ्यांनी आधीच वापरलेली असणार. २००४ साली अमेरिकेत डेल आणि गेटवे या दोन स्पर्धक कॉम्प्युटर कंपन्यांच्या कॉलेज सीझनच्या जाहिरातीत एकच स्टॉक फोटोतली मुलगी झळकली होती, एवढ्या मोठ्या कंपन्यांचं असं होतं तर आंबेवाल्यांचं काय, एप्रिलमध्ये इन्स्टा उघडून बघा, तोच रस गळणारा आंबा तीन वेगवेगळ्या नावांनी दिसेल.

आता दीड लाखाचं. त्यांनी सांगितलेला रेट चुकीचा आहे असं नाही, चार माणसं, लेन्स, लाइट, ड्रोन, दोन दिवस म्हटल्यावर तेवढा खर्च येतोच. पण तुम्हाला चार माणसं लागतात का? इन्स्टाच्या जाहिरातीला ३० सेकंदांचा उभा व्हिडिओ लागतो, त्याला एक कॅमेरामन आणि एक असिस्टंट, एक दिवस, ड्रोनशिवाय, भरपूर झालं. रत्नागिरीत, चिपळुणात लग्नाचं शूट करणारी पोरं आहेत, त्यांच्याकडे कॅमेरे चांगले असतात आणि एप्रिल-मेमध्ये लग्नाच्या तारखा सोडून मधले वार मोकळे असतात. त्यांना फक्त लग्नाची सवय सोडून शॉट काय हवेत ते लिहून द्यावं लागतं. एडिटिंग वेगळ्या माणसाकडून करून घ्या, तुमचा तो फ्रीलान्सर पण चालेल, त्याचा हात चांगला दिसतोय. त्याला कच्चा माल तुमचा द्या एवढंच.

कातळावरचा_देवगडकर

ताई, भाऊला सांगा गिऱ्हाईक बघतं. सगळे नाही बघत, पण जे हापूससाठी चार पैसे जास्त मोजतात ते नक्की बघतात, त्यातले निम्मे कोकणातलेच असतात किंवा त्यांची आजी कोकणातली असते.

मी मुद्दाम स्टॉक साइटवर अल्फान्सो टाकून शोधलंय. निघतं काय? एक तर लालबुंद गालाचा परदेशी टॉमी ॲटकिन्स, नाहीतर लांबुडका पिवळा थायलंडचा आंबा, आणि खाली नाव अल्फान्सो. अपलोड करणाऱ्याने जे टॅग टाकले ते टाकले. आपल्या फळाला चोच नसते, चोच पायरीला असते, हे आमच्याकडे शाळेतलं पोर सांगेल. कापल्यावर केशरी निघतो, रेषा नसते. बागेचं पण तेच, स्टॉकमधल्या बागा सपाट जमिनीवर, ओळीत, बुटकी झाडं. आमची कलमं कातळावर, बाजूला जांभ्या दगडाचा गडगा (रचलेलं कुंपण), खाली वाळका पाला. हे सगळं एका नजरेत कळतं आणि एकदा कळलं की माणूस विचार करतो, ह्यांची बाग आहे तर बाग का नाही दाखवत?

हा प्रश्न हापूसमध्ये जास्तच नाजूक आहे कारण इथे फसवणूक जुनी आहे. कर्नाटकचा आंबा देवगड-रत्नागिरीच्या पेटीत घालून विकतात हे सगळ्या महाराष्ट्राला माहिती आहे, हल्ली नोव्हेंबर-डिसेंबरात आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस पण वाशीला उतरतो (तो निदान मलावीचा म्हणून येतो). २०१८ ला हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर असे पाच जिल्हे त्यात आहेत, ते याच भांडणातून. गिऱ्हाईक आधीच घाबरलेलं आहे. त्याला दुसऱ्याचा आंबा दाखवून आमचा घ्या म्हणणं मला तरी पटत नाही, मग फळ कितीही खरं असो.

तुमच्याकडे दाखवायला काय आहे बघा. सकाळची तोड दाखवा, झेल्याने (काठीला लावलेल्या जाळीने) फळ उतरवताना देठ ठेवून काढतात तो शॉट जवळून घ्या, देठ राहिला नाही तर चीक फळावर उतरतो आणि साल काळी पडते, हे व्हिडिओत एका वाक्यात सांगितलं तरी शहरातल्या माणसाला नवीन आहे. मग अढी. पेंढ्याचा थर, त्यावर फळं एकेक करून, परत पेंढा. आमच्याकडे आई अढी लावते, ती प्रत्येक फळ हातात घेऊन अंगठ्याने देठापाशी हलकं दाबते आणि मगच ठेवते, एखादं नाकाला लावते आणि बाजूला काढते. हे कुठल्या स्टॉकमध्ये मिळणार? आमचा सगळ्यात जास्त शेअर झालेला व्हिडिओ तोच, मोबाइलवर काढलेला, त्यात संगीत पण नाही, नुसता पेंढ्याचा आवाज आणि आईचं पुटपुटणं.

जाहिरात_आणि_ऑर्डर

मी छोट्या ब्रँडच्या मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या, जाहिराती चालवते. वरच्या दोघांशी बऱ्यापैकी सहमत आहे पण एक गोष्ट वेगळी सांगते, स्टॉकला एवढं पण झटकून टाकू नका. जाहिरात म्हणजे एक व्हिडिओ करून सोडून दिला असं चालत नाही, तोच तोच व्हिडिओ लोकांना दिसला की दहा-पंधरा दिवसांत त्याचा जोर जातो, मग नवीन सुरुवात, नवीन ओळ, नवीन कट लागतो. दीड लाखाची एक देखणी फिल्म आली आणि सीझनभर तीच चालवली तर पैसे वाया जातील. त्यापेक्षा तुमच्या बागेतले चाळीस-पन्नास छोटे शॉट असले तर त्यातून मी दर आठवड्याला नवीन व्हिडिओ करू शकते, आणि मधे जोडायला दोन-चार स्टॉक क्लिप टाकल्या तर कोणाला खटकत नाही. तुमची बाग आणि माझ्या एडिटरचा लॅपटॉप यांच्यात पाचशे किलोमीटर अंतर असलं तरी मग अडत नाही.

कुटुंब आंबा खातंय, हसतंय हा शॉट मात्र स्टॉकमधून घेऊ नका. ते किचन, ते कपडे, काट्याने आंबा खाणं, सगळं परकं दिसतं. आमरसाची वाटी आणि पुरी असा शॉट तुमच्याच घरी निघेल. त्याहून चांगलं म्हणजे गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांना विचारा, पेटी उघडतानाचे व्हिडिओ कोणाकडे असतील तर द्या म्हणावं, आणि जाहिरातीत वापरू का हे मेसेजवर लिहून घ्या. माझा अनुभव असा की अशा साध्या व्हिडिओखाली लोक भाव विचारतात, आणि फार चकाचक व्हिडिओखाली नुसते बदाम टाकून जातात.

भावाची शंका फेडायची असेल तर टेस्ट करा ना. त्या फ्रीलान्सरकडून स्टॉकवाला एक आणि तुमच्या मोबाइलवरचा एक, दोन्हीला सारखंच बजेट, सारखेच लोक, आठवडाभर चालवा आणि लाइक सोडून ऑर्डर मोजा. फक्त स्टॉकवाल्यात आंब्याचा शॉट तुमचाच घाला, ते देवगडकर म्हणतायत ते बरोबर आहे.

अजून एक, गाणं. बिझनेस अकाउंटवरून जाहिरात करताना सिनेमाची गाणी वापरता येत नाहीत, रीलला मिळतं म्हणून जाहिरातीत टाकलं तर आवाज बंद होतो नाहीतर व्हिडिओच उडतो. मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं किंवा युट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं घ्या, लायसन्स नीट वाचून.

कलमबाग_रत्नागिरी

सगळ्यांचे खूप आभार, भावाला धागा वाचायला दिला, तो आता टेस्ट करू म्हणतोय. तीन शंका. एक, मोबाइलवर काढलेलं खरंच चालेल का, भावाकडे आयफोन आहे पण आम्ही पॅकिंग शेडमध्ये काढून बघितलं तर लाइट लपलप करतात आणि आंबा हिरवट दिसतो. दोन, ड्रोन सोडवत नाही हो मला, आमच्या बागेतून खाडी दिसते. तीन, त्या फ्रीलान्सरने क्लिप कुठून आणल्या ते विचारलं तर म्हणाला काळजी करू नका सगळं लायसन्सचं आहे, एवढ्यावर विश्वास ठेवायचा का?

कटिंग_टेबल_पुणे

लपलप होण्याचं कारण वीज. आपल्याकडे ५० हर्ट्झ आहे, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते, आणि मोबाइल अमेरिकन हिशोबाने ३० फ्रेमवर असतो. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये रेकॉर्ड व्हिडिओत जाऊन पाल फॉरमॅट चालू करा, २५ फ्रेमचा पर्याय येईल, तो घ्या. त्यानेही राहिलं तर शटर १/५० ला लॉक होईल असं ॲप वापरा. तिथेच एचडीआर बंद करा, नाहीतर एडिट करून व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर रंग फाटतात. हिरवट दिसतो तो शेडच्या लाइटमुळे. ट्यूब सरळ बंद करा, दाराशी टेबल लावा, बाहेरच्या उजेडात पेट्या भरा, आणि फळावर बोट दाबून धरून फोकस-एक्स्पोजर लॉक करा. केशरी रंग हाच तुमचा माल आहे, तो चुकला तर बाकी कितीही भारी काढा.

बागेत सकाळी साडेसात ते साडेनऊ. तोड पण तेव्हाच असते. दुपारी झाडाखाली ऊन-सावलीचे ठिपके पडतात, चेहरे काळे आणि मागचं पांढरं होतं. बोलणारं कोणी असेल तर कॉलर माईक घ्या, हजार-दोन हजारात येतो, आवाज खराब असला तर माणूस लगेच पुढे सरकतो, चित्र थोडं हललेलं चालतं. आणि प्रत्येक शॉट आडवा आणि उभा दोन्ही घ्या, वेबसाइटला आडवा लागेल.

ड्रोन घ्या की, पण तासाभरासाठी स्थानिक माणूस बोलवा. २०२१ च्या ड्रोन रुल्सनंतर सोपं झालंय, ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पण रत्नागिरीला कोस्ट गार्डची धावपट्टी आहे, त्यामुळे तुमची बाग कुठल्या झोनमध्ये येते ते डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर आधी बघा, आणि २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन असेल तर त्याच्याकडे नोंदणी आणि पायलट सर्टिफिकेट आहे का विचारा, कारण हे धंद्याचं काम आहे. खाडीचा शॉट स्टॉकमधून घेतला तरी गुन्हा नाही, पण तुमची बाग आणि खाडी एका फ्रेममध्ये स्टॉक देणार नाही.

कागदपत्र_आधी

तिसऱ्या शंकेचं मी सांगते, करार वाचणं हेच माझं काम आहे. "सगळं लायसन्सचं आहे" एवढं पुरेसं नाही. प्रत्येक क्लिपची लिंक, कुठल्या साइटची, आणि लायसन्स कोणाच्या नावावर आहे हे ईमेलवर मागा. बऱ्याचदा लायसन्स एडिटरच्या नावावर असतं, तो क्लायंटसाठी वापरू शकतो की नाही आणि त्याचं सबस्क्रिप्शन संपल्यावर नवीन जाहिरात करता येते का, हे प्रत्येक साइटवर वेगळं आहे. क्लिपच्या खाली एडिटोरियल यूज ओन्ली (फक्त बातमी-लेखासाठी) लिहिलंय का ते नक्की बघा, बाजारातली गर्दी, खरे लोक, दुकानांच्या पाट्या असलेल्या क्लिप बऱ्याचदा अशा असतात आणि त्या जाहिरातीत वापरता येत नाहीत. चेहरा दिसत असेल तर मॉडेल रिलीज (त्या माणसाची लेखी संमती) आहे का ते पण. फुकट साइटवरच्या माणसाच्या तोंडी "मी ह्यांचाच आंबा खातो" असं व्हॉइसओव्हर घालायचं नाही, पेक्सेल्सच्या अटींतच ते बसत नाही.

दुसऱ्याच जातीचा आंबा दाखवून हापूस विकणं मी साधी गोष्ट धरणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि २०२२ मध्ये त्यांनी जाहिरातींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. छोट्या बागायतदाराकडे कोणी लगेच येईल असं नाही, पण एखादं नाराज गिऱ्हाईक व्हिडिओ आणि फळाचा फोटो शेजारी ठेवून तक्रार करू शकतं. तसंच जीआयचा लोगो दाखवणार असाल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी असायला हवी, नसेल तर आधी अर्ज करा.

शूट करून घेणार असाल तर दोन ओळींचा का होईना करार करा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे तुम्ही पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचे पहिले मालक तुम्हीच असता, वेगळं काही ठरलं नसेल तर. पण कच्चं फुटेज शूट करणारा आधी ठरल्याशिवाय देत नाही, आणि तुम्हाला खरी किंमत त्याचीच आहे. माझ्या माहितीतल्या एका काजूवाल्यांना पुढच्या वर्षी तेच शॉट परत हवे होते तेव्हा शूट करणाऱ्याने वेगळे पैसे मागितले, कारण कागदावर फक्त "एक फिल्म" असं होतं. म्हणून लिहून घ्या: सगळं कच्चं फुटेज हार्ड डिस्कवर, फायनल फाइल आडवी-उभी दोन्ही.

आणि बागेतल्या कामगारांची संमती. नेपाळी कुटुंबं राखणीला असतात ना बऱ्याच बागांत, तुमच्याकडेही असतील तर त्यांना हिंदीत नीट समजावून सांगा की हे मोबाइलवर हजारो लोक बघणार, चालेल का, आणि मग सही घ्या. नको म्हणाले तर फक्त हात घ्या फ्रेममध्ये. लहान मुलं काम करताना दिसतील असा शॉट चुकून पण नको.

कलमबाग_रत्नागिरी

केवढं सांगितलंत सगळ्यांनी. आमचं असं ठरतंय: मुंबईवाल्यांना यंदा नाही कळवते, ओळखीच्या लग्नवाल्या मुलाला दुसऱ्या तोडीच्या वेळी एक दिवस बोलवते, ड्रोन तासभर, कच्चं फुटेज आपल्याकडे. तोपर्यंत पहिल्या तोडीचं भाऊ मोबाइलवर काढेल. एडिटिंग त्याच फ्रीलान्सरकडे, तो तयार आहे, क्लिपच्या लिंक मागितल्यावर थोडा कुरकुरला पण दिल्या, त्यातल्या दोन एडिटोरियल निघाल्या, त्या काढायला लावल्या. राखणीच्या कुटुंबाशी पण बोलले, बाई म्हणाल्या चेहरा चालेल पण नवऱ्याला विचारून सांगते. मोहोराचं मात्र यंदा राहूनच गेलं, तो शॉट स्टॉकमधून घेऊ का?

कातळावरचा_देवगडकर

मोहोर शक्यतो नको, पण अडलंच असेल तर आंब्याचाच आहे ना एवढं मला फोटो पाठवून विचारा, मी सांगतो. खरं म्हणजे यंदा मोहोराशिवाय करा आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असताना स्वतः काढून ठेवा, फवारणीच्या आधी, कारण फवारणीचा पंप फ्रेममध्ये आला की लोक भलतंच विचारतात (विचारलं तर खरं सांगावं, ती वेगळी गोष्ट). वर्षभराचं असंच करायचं, फेब्रुवारीत कणी, सुपारीएवढी कैरी, मग चौदा आणे तयार झालेलं फळ, जूनमध्ये पहिल्या पावसात रिकामी बाग, पावसाळ्यात खत घालताना. प्रत्येक वेळी दहा मिनिटं काढा, जास्त नको. दोन वर्षांनी तुमच्याकडे तुमच्याच बागेचा स्टॉक तयार होतो आणि कोणाकडे काही मागावं लागत नाही.

कापलेल्या फळाचा शॉट तेवढा घाईत घेऊ नका. अढीतून पूर्ण पिकलेलं, सालीवर बारीक सुरकुती यायला लागलेलं फळ घ्या, आणि कॅमेऱ्यासमोर कापायच्या आधी त्याच अढीतली दोन-तीन कापून बघा, साका (गरात पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) निघाला तर तो लॉट व्हिडिओत पण नको आणि पेटीत पण नको.

जाहिरात_आणि_ऑर्डर

आणि फाइलींना नावं देऊन ठेवा प्लीज, तारीख, जागा, काय आहे ते, "अढी आई जवळून उभा" असं साधं. सीझनमध्ये रात्री अकराला जाहिरात बदलायची असते तेव्हा आयएमजी चार हजार अमुक तमुक मधून शोधताना जीव जातो. टेस्ट चालू केलीत की इथे सांगा, कुठल्या व्हिडिओला ऑर्डर आल्या ते मला पण बघायचंय.

कलमबाग_रत्नागिरी

नक्की सांगते. पहिली तोड पाडव्याच्या आसपास धरलीय, त्या आठवड्यात दोन्ही व्हिडिओ चालू करतो.